दिवसभर तोंड चालू, तरी काटा हलेना

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या नोकरीसाठी रोज तालुक्याला अपडाऊन करतात. सकाळी साडेसातला घर सोडतात, परत यायला संध्याकाळचे सहा वाजतात. मुलगी नुकतीच तीन वर्षांची झाली आणि दिवसभर आजी-आबांजवळ असते. अंगणवाडीताईंनी घेतलेली मापं अशी: वजन 10 किलो 400 ग्रॅम, उंची 88 सेंटिमीटर, दंडाचा घेर 13 सेंटिमीटर. सहा महिन्यांपूर्वी वजन 10 किलो 200 ग्रॅम होतं. नोंद झाली 'मध्यम कमी वजन'.

ताई लिहितात: "आमच्या घरात कशाची कमी नाही. शेत आहे, दोन म्हशी आहेत. लेकरू दिवसभर काही ना काही खातच असतं, मग ते कुपोषित कसं? सकाळी आबांच्या चहात पाच ग्लुकोज बिस्किटं, दहाला दुकानातलं पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, दुपारी वरण-भाताचे चार घास, चारला क्रीमची बिस्किटं, मी यायच्या वेळेला आणखी एक पाकीट. रात्री जेवत नाही म्हणून अर्धा पेला दुधात चॉकलेटची पावडर देते. काटा चुकला असेल का? प्रोटीनची चांगली पावडर कोणती? मेडिकलवाल्याने भुकेचं सिरप दिलंय, ते चालू करू का? आणि सासऱ्यांना पुडे आणू नका असं म्हणायचं तरी कसं? त्यांच्या मायेवर बोट ठेवल्यासारखं होतं."

ताई,

आधी काट्याचं बघू, कारण तो चुकूही शकतो. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः जा. रिकामा काटा शून्यावर आहे ना ते बघा, चपला आणि जाड कपडे काढा, दोनदा वजन करा. दोन्ही वेळा तोच आकडा आला की शंका मिटली. पण समजा काटा शे-दोनशे ग्रॅमने चुकला, तरी तुमच्या मुलीच्या बाबतीत फारसं काही बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन 13.9 किलो आहे. 10.8 च्या खाली कमी वजन धरतात, 9.6 च्या खाली तीव्र कमी वजन. तुमची लेक रेषेच्या चारशे ग्रॅम खाली आहे. अडीच वर्षांची असताना हीच रेषा 10 किलोवर होती आणि ती तिच्या वर होती. या वयात लेकराचं वजन वर्षाला साधारण दोन किलोने वाढतं, म्हणजे सहा महिन्यांत एक किलो. तिचं वाढलं दोनशे ग्रॅम. आजच्या आकड्यापेक्षा हे सहा महिन्यांचं अडकणं जास्त महत्त्वाचं आहे.

घाबरून जाण्यासारखं मात्र नाही. दंडाचा घेर साडेबाराच्या वर आहे, म्हणजे आजच्या आज दवाखाना गाठायची वेळ नाही. उंचीची खालची रेषा 87.4 आहे आणि ती 88 आहे. रेषेच्या वर आहे खरी, पण निसटती. वजन मागे पडलं की काही महिन्यांनी उंचीही मागे पडते आणि ती भरून काढणं वजनापेक्षा फार अवघड असतं. म्हणून हे आत्ताच हातात घ्यायचं.

आता तुमचं वाक्य, 'घरात कशाची कमी नाही'. तुमच्यासारखंच बहुतेक घरांत वाटतं. कुपोषण म्हटलं की डोळ्यांसमोर मेळघाट येतो नाहीतर ऊसतोडीचा तळ येतो, शेतवाडी असलेलं घर येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.2 टक्के वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि 36.1 टक्के कमी वजनाची. रक्तक्षय तर 68.9 टक्के मुलांमध्ये होता. देशपातळीवर लोकांचे संपत्तीनुसार पाच भाग केले तर सगळ्यात सधन भागातलीही दर शंभरातली तेवीस मुलं बुटकी आहेत. म्हणजे घरात काय आहे यावरून लेकराच्या पोटात काय जातं ते कळत नाही. तुमच्या मुलीचं पोषण कणगीत आणि गोठ्यात आहे, पण ते तिच्या ताटात येत नाही.

आणि 'दिवसभर खातच असतं' हे वाक्य तर तुम्ही बचावासाठी लिहिलंत, पण अडचण नेमकी त्यातच आहे.

तुम्ही लिहिलेल्या दिवसाची बेरीज करून बघा. चहातली पाच ग्लुकोज बिस्किटं शंभर कॅलरी. दोन पाकिटं दोनशे. क्रीमची चार बिस्किटं एकशे नव्वद. चहातली साखर, वरण-भाताचे घास आणि रात्रीचं दूध-पावडर धरून दिवस जेमतेम आठशेपर्यंत जातो. या वयाला हजाराच्या आसपास लागतात आणि मागे पडलेलं भरून काढायचं तर त्याहून थोडं जास्त. आठशेतले पाचशे पाकिटातून आले. त्यात मैदा, पामतेल, साखर, मीठ. लोह आणि जस्त नावापुरतं. सगळीकडची साखर एकत्र केली तर तीस ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे सपाट सहा चमचे. हजार कॅलरी खाणाऱ्या लेकराला वरून घातलेली साखर फार तर पंचवीस ग्रॅम, तीही शेवटची मर्यादा म्हणून.

आता पोटाचं माप बघा. लहान मुलाचं जठर एका वेळी किलोमागे साधारण तीस मिलिलिटर घेतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे तीनशे मिलिलिटर झालं, चहाचे तीन कप. दहा वाजता खाल्लेलं पाकीट साडेबारापर्यंत त्या जागेत रेंगाळलेलं असतं, कारण त्याचा तिसरा हिस्सा तेल आहे आणि तेल जठरातून सावकाश पुढे सरकतं. समोर वरण-भात येतो तेव्हा तिला भूक नसते. ती हट्टी आहे म्हणून चार घासांवर उठते असं नाही, जागाच तेवढी शिल्लक असते. आजीला वाटतं लेकरू उपाशी राहिलं, म्हणून चारला बिस्किटं. त्याने रात्रीचं जेवण जातं, मग तुम्ही दूध-पावडर देता. असं चाक फिरत राहतं. लोह-जस्ताच्या कमतरतेने भूक आणखी मरते, ते वेगळंच.

पाकीट एवढं आवडतं त्याचं कारण लाडापेक्षा त्याच्या बनावटीत जास्त आहे. भाकरीचा घास या वयाच्या लेकराला वीस-पंचवीस वेळा चावावा लागतो. कुरकुरीत कांडी जिभेवर ठेवताच विरघळते, दातांना काम नाही आणि पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत जायच्या आत पाकीट संपतं. पहिल्या चाव्याला मीठ-मसाला, मग तेल, शेवटी किंचित गोड. तीन वर्षांची जीभ या चवीवर बसली की घरचं वरण तिला पाणचट लागतं. अमेरिकेत 2019 मध्ये वीस प्रौढांवर झालेल्या एका काटेकोर प्रयोगात अतिप्रक्रियायुक्त जेवणावर असताना तीच माणसं रोज साधारण पाचशे कॅलरी जास्त खात होती. मोठी माणसं पाकीट खाऊन वर जेवतात म्हणून जाड होतात. लहान लेकरू पाकीट खाऊन जेवणच सोडतं म्हणून वाळतं.

'अतिप्रक्रियायुक्त' हा शब्द जड आहे, म्हणून त्याची ओळख सांगते. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो यांनी 2009 मध्ये अन्नाची प्रक्रियेनुसार वर्गवारी मांडली. तिच्या चौथ्या, शेवटच्या गटात हे पदार्थ येतात. पाकिटात आहे म्हणजे वाईट, असं त्यात नाही. पिशवीतलं दूध, पुड्यातली तूरडाळ, डब्यातलं तेल यांच्याबद्दल इथे काही तक्रार नाही. पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा. जे सगळ्यात जास्त घातलंय ते पहिलं लिहावं लागतं. पहिल्या तिनात मैदा, साखर, पामतेल आले आणि पुढे माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, इमल्सिफायर, 'निसर्गसदृश स्वाद' अशी मंडळी दिसली, म्हणजे आपल्या चुलीजवळ कधीच न सापडणारी, तर ते चौथ्या गटातलं. 'गव्हाचं', 'मल्टिग्रेन', 'दुधाची ताकद' हे समोरच्या बाजूला छापलेलं असतं. समोरची बाजू वाचूच नका. गावातल्या बेकरीची खारी-टोस्ट यादीशिवाय मिळते म्हणून साधी समजू नका, तीही मैदा आणि वनस्पती तूप. घरची शेव या गटात बसत नाही, पण जेवणाआधी तासभर खाल्ली तर जेवण तीही मारते.

म्हणून माझं म्हणणं असं, की पाकीट किती वाईट यावर घरात वाद घालू नका. ते *कोणत्या वेळेला* येतं, तिथे हात घाला.

पण आधी तुम्ही विचारलेल्या वाटा. पावडर बंद करा. बाजारातल्या बहुतेक चॉकलेटी पावडरींमध्ये माल्ट आणि साखर यांचाच भरणा असतो, वर चिमूटभर जीवनसत्त्वं. 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात नाही आणि एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली विकू नका असं कळवलं होतं. महागडी प्रोटीन पावडरही नको. तुमच्या मुलीला प्रोटीनच्या डब्याची गरज नाही, जेवणाची आहे. भुकेच्या सिरपमध्ये बहुतेक वेळा सायप्रोहेप्टाडिन असतं. मुळात ते ॲलर्जीचं औषध, भूक वाढणं हा त्याचा जोडपरिणाम. लेकरू पेंगतं आणि औषध थांबलं की भूकही थांबते. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून ते देऊ नका. बालरोगतज्ज्ञांनी तपासून दिलं तर गोष्ट निराळी.

राहिली तिसरी वाट, उद्यापासून सगळं बंद. ही ऐकायला बरी वाटते आणि धडधाकट वजनाच्या मुलाला चालूनही जाते. पण कमी वजनाच्या मुलीच्या तोंडचे पाचशे कॅलरी एका दिवसात काढून घेतले आणि त्या जागी काही आलं नाही, तर चार दिवसांत ती आणखी उतरेल. आजी घाबरेल आणि सहाव्या दिवशी दुप्पट पुडे येतील. जागा आधी भरायची, मग पाकीट काढायचं.

दिवस असा बांधा. अडीच ते साडेतीन तासांच्या अंतराने पाच वेळा खाणं, मधल्या वेळेत फक्त पाणी. बस. सकाळी तुम्ही घरी असता, म्हणून सातची वेळ तुमची. चहाच्या कपाजागी सातू. लहान मुलांना चहा नकोच. त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाने सकाळची पहिली, सगळ्यात चांगली भूक वाया जाते.

सातू आजीला येतच असणार, फक्त प्रमाण सांगते. अर्धा किलो गहू, पाव किलो डाळं, पाच-सहा वेलदोडे, बोटाच्या पेराएवढी सुंठ. गव्हाला पाण्याचा हात लावून तासभर फडक्यावर पसरा, मग मध्यम आचेवर तडतडून खमंग होईपर्यंत भाजा. पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या. कोमट धान्य दळलं की पिठात वाफ धरते आणि आठ दिवसांत वास येतो. शेंगदाणे गिरणीत घालू नका, तेल सुटून गोळा होतो. त्यांचं कूट वेगळं करून ठेवा. एका वेळेला पोह्याचे भरून तीन चमचे सातू, एक चमचा बारीक कूट, अर्धा चमचा गूळ, अर्धा चमचा तूप आणि म्हशीचं शंभर मिलिलिटर दूध. हे अडीचशे-तीनशे कॅलरी आणि दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात, तेही दीड कपाच्या आत. दुधात पाणी घालू नका. पीठ पावसाळ्यात पंधरा दिवसांचंच करा.

दुपारी भाकरी. ती भाकरी खात नसेल तर तिला बहुधा कोरडा तुकडा दिला जात असेल. अर्ध्या भाकरीचा हाताने मऊ चुरा करा, कडेचे कडक पापुद्रे काढून टाका, वर घट्ट गरम वरण घालून पाच मिनिटं झाकून ठेवा. मग एक चमचा तेल किंवा तूप, चार थेंब लिंबू. आजीच्या हाताने हा काला छान होतो. इथे एक नेहमीची चूक सांगते. लेकराला पचावं म्हणून वरणाचं वरचं पाणी काढून देतात. डाळ तळाशी राहते आणि लेकराच्या वाट्याला हळदीचं पाणी येतं. पळी तळापर्यंत घाला. चमचा तिरपा केला तर वरण ओघळता कामा नये, गळालं तर थेंबाने गळावं. अर्धी भाकरी, तीन चमचे असं वरण आणि एक चमचा तेल मिळून अडीचशे कॅलरी भरतात. सुरुवातीला ती एवढं खाणार नाही. पाव भाकरीने सुरू करा, पण तेलाचा चमचा कमी करू नका. लहान पोटात जास्त ताकद बसवायची तर तेल-तूप आणि कूट हीच दोन साधनं. भाकरीऐवजी एखाद्या दिवशी ताकातल्या ज्वारीच्या कण्या, वर कूट आणि तेल, तेही तसंच चालतं.

तिला कुरकुरीत हवंय ते मान्य करा, त्याच्याशी भांडू नका. चार वाजता धपाटे. दोन वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, मूठभर चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर, चमचाभर तीळ, ओवा, मीठ, तिखट नावाला. पातळ थापून दोन्ही बाजूंनी तेल सोडून खरपूस भाजा आणि बोटाएवढ्या पट्ट्या कापून दह्याबरोबर द्या. सकाळच्या तव्यावर जास्तीचं एक भाजून ठेवलं की आजीला दुपारी चूल पेटवायला नको. सोलापूरकडची कडक भाकरीही चालते, पण दह्यात थोडी मऊ करून. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत. श्वासनलिकेत अडकतात. कूटच द्या.

रात्रीची वेळ पुन्हा तुमची. सातला, तुमच्याबरोबर, तुमच्या ताटाशेजारी तिचं वेगळं ताट. घरात माळ नसेल तर रोज एक अंडं: सहा ग्रॅम प्रथिनं, सत्तर कॅलरी. माळकरी घर असेल तर त्या जागी मटकी-हुलग्याची उसळ मऊ शिजवून, किंवा पिठलं आणि वर कूट. मुठीएवढं पुरे. झोपताना दूध द्यायचं तर जेवल्यानंतर अर्धा कप, जेवणाऐवजी नाही. दिवसभराचं दूध चारशे मिलिलिटरच्या वर नको. दुधाने पोट भरलेलं लेकरूही जेवत नाही आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. घरी म्हशी असल्या की ही चूक हमखास होते.

सोयाबीनबद्दलही विचारणारे असतात, कारण आता शिवारात तेच जास्त आहे. चांगली गोष्ट आहे, पण कच्च्या सोयाबीनचं पीठ लेकरांना देऊ नये, त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. वीस मिनिटं उकळून, वाळवून, भाजून मगच दळणात घाला. किलोला शंभर ग्रॅम पुरे, जास्त झालं तर उग्र वास येतो आणि लेकरू भाकरीकडे बघत नाही.

आता पाकीट. पहिल्या आठवड्यात ते बंद करायचं नाही, हलवायचं. दहाचं आणि संध्याकाळचं जाऊन एकच राहील, तेही दुपारच्या जेवणानंतर, वाटीत काढून, अर्धं. पाकीट हातात देऊ नका. चमचमता कागद हाच अर्धा खाऊ असतो. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड. तिसऱ्यापासून आठवडी बाजाराच्या दिवशी. क्रीम बिस्किटांच्या जागी धपाटे आले की ती आपोआप मागे पडतात.

आबांना 'पुडे आणू नका' म्हणायची गरजच नाही. त्यांना काम द्या. दहाच्या सुमाराला त्यांनी तिला पारावर न्यावं, तेव्हा खिशात पुड्याऐवजी केळ असू द्या. एक केळ पारावर आबांच्या हातून, हा नेमच ठरवा. हंगाम बदलला की पेरू किंवा चिकू, सीताफळाच्या दिवसांत बिया काढून गर, कधी मोसंबीच्या साल-बिया काढलेल्या फोडी. नातीला रोज काहीतरी आणण्याचा त्यांचा मान जसाच्या तसा राहतो. दुकानाची फेरी जेवणानंतर करा, पोट भरलेलं लेकरू दुकानासमोर कमी रडतं. आबांचं दुकानात खातं असेल तर दुकानदारालाही सांगून ठेवा: सुट्ट्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट नको. आणि त्यांना कॅलरी सांगत बसू नका. वजनाचं कार्ड दाखवा, सहा महिन्यांपूर्वीचा ठिपका आणि आजचा. दिवसाला वीस-पंचवीस रुपये पाकिटांवर जातात. महिन्याचे सहाशेच्या पुढे झाले. तेवढ्यात तिची महिनाभराची अंडी आणि दोन किलो शेंगदाणे येतात, हा हिशोब त्यांना लगेच पटेल.

तुमच्या पत्रात मुलीच्या वडिलांचा कुठे उल्लेख नाही. आपल्या वडिलांशी हे बोलायचं काम त्यांचं आहे, तुमचं नाही. सून बोलली की तो टोमणा होतो, लेक बोलला की घरची चर्चा होते. अन्याय आहे, पण सध्या त्याचा उपयोग करून घ्या.

अंगणवाडी तुमच्या घराला नको वाटते असं पत्राच्या सुरावरून जाणवलं. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर घरपोच शिधा थांबतो आणि गरम ताजा आहार सुरू होतो. त्यात कॅलरी आणि प्रथिनं किती हवीत ते ठरवून दिलेलं आहे. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथे पंधरा लेकरं पंगतीला बसतात. घरी उसळीला तोंड फिरवणारं पोर शेजारचं पोर खाताना बघून खातं. आजीच्या दहा गोष्टींनी जे होत नाही ते पंगत करते. पाठवा. तिथल्या खाण्याची वेळ विचारून घ्या आणि पारावरचं केळ त्याच्या जवळपास येऊ देऊ नका.

पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. बहुतेक घरांत दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट जातो आणि नेम मोडतो तो संध्याकाळी पाचच्या सुमाराला, जेव्हा आजी थकलेली असते आणि तुम्ही अजून एसटीत असता. तेव्हा पुडा दिला तर लेकरू एवढंच शिकतं की अर्धा तास रडलं की मिळतं, मग उद्या पाऊण तास रडेल. त्या वेळेसाठी काहीतरी ठरवून ठेवा, जसं गोठ्यात वासरू बघायला जाणं. एखादं जेवण तिने सोडलं तर सोडू द्या, पुढचं अडीच-तीन तासांवर आहेच. घास घेऊन मागे पळायचं नाही, मोबाईल समोर धरून भरवायचं नाही. काय आणि कधी ते तुम्ही ठरवा, किती ते तिला ठरवू द्या. पंधरा-वीस मिनिटांनी ताट उचला, न बोलता. नवा पदार्थ जिभेवर बसायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. मेथीचं धपाटं तीनदा थुंकलं म्हणून 'हिला आवडत नाही' असं ठरवू नका. उन्हाळ्यात भूक तशीही कमी होते, तेव्हा सकाळची आणि दिवस मावळल्यानंतरची वेळ भक्कम ठेवा, दुपारची हलकी चालेल.

खाण्याबरोबर दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. दूध आणि सिरप यांत तासभराचं अंतर ठेवा. शी काळसर होते, घाबरू नका. जंताची गोळी, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमाराला असते ती, चुकली असेल तर मागून घ्या. जीवनसत्त्व 'अ' चा सहामाही डोसही कार्डावर बघा. हिमोग्लोबिन एकदा करून घ्या. या वयात 11 च्या खाली आलं तर आठवड्याला दोनदाचं सिरप पुरत नाही, डॉक्टर रोजचा डोस ठरवतील.

वजन रोज करू नका, महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळेला. महिन्याला अडीचशे-तीनशे ग्रॅम वाढलं तर गाडी रुळावर आहे. दोन महिने नीट खाऊनही वजन जागचं हललं नाही, दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप राहिला, जुलाब वारंवार होऊ लागले किंवा दंड साडेबाराच्या खाली आला, तर सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा. मग कारण ताटाबाहेर, कदाचित क्षयरोगातही, शोधावं लागतं. दोन्ही पावलांवर सूज दिसली आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहिला तर त्याच दिवशी.

सुरुवात सोमवारी करू नका. रविवारी करा, तुम्ही दोघं घरी असता. शनिवारी रात्री गहू भाजून ठेवा, शेंगदाण्याचं कूट करा, घरात उरलेले पुडे एका डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवा, फेकू नका. रविवारी साडेबाराला पाचही जण एकत्र जेवायला बसा, तिचा काला आजीला कालवू द्या आणि ती किती घास खाते ते मोजू नका. जेवण झालं की वाटीत अर्धं पाकीट काढून द्या. ते आबांच्या हातूनच द्या.